आकाशपाळणा : शिकागोच्या महाचक्राची कथा
जत्रेत आणि मनोरंजन उद्यानांत फिरणारा आकाशपाळणा इंग्रजीत ‘फेरिस व्हील’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकन अभियंता जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस यांच्यावरून हे नाव पडले. हाताने फिरवले जाणारे लाकडी पाळणे त्यापूर्वीही अनेक देशांत प्रचलित होते.

शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आयोजकांना पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तोडीची रचना हवी होती. फेरिस यांनी महाकाय पोलादी चक्राचा आराखडा सादर केला. मात्र, एवढे बारीक आरे हा भार पेलू शकणार नाहीत, अशी शंका व्यक्त झाली. सायकलच्या चाकाप्रमाणे हे आरे दाबावर नव्हे, तर ताणावर भार तोलणार होते. २१ जून १८९३ रोजी चक्र सुरू झाले आणि शंका फोल ठरली. त्याची उंची २६४ फूट होती. ३६ डब्यांत प्रत्येकी ६० याप्रमाणे एका वेळी २,१६० प्रवासी बसू शकत. वाफेच्या इंजिनांवर ते फिरत असे.

या यशाचा लाभ फेरिस यांना मात्र झाला नाही. प्रदर्शनानंतर ते आर्थिक वादांत अडकले. १८९६ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते. त्यांचे चक्रही १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. तथापि, २००० मध्ये प्रवाशांसाठी खुला झालेला १३५ मीटर उंचीचा ‘लंडन आय’ ताणाच्या त्याच तत्त्वावर उभा आहे.