वाढत्या शाळा आणि विश्वासाचा करारनामा

‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगिजांच्या सहवासातून आपल्या भाषेत आला आणि ‘मक्ता’ मुसलमानी अमदानीच्या दफ्तरांतून. परंतु या दोन्ही शब्दांना चिकटलेला संशय कोणत्याही एका देशाचा नव्हे. नकाशा एकाने काढावा, अंदाजपत्रक दुसऱ्याने करावे, सर्वांत कमी रकमेची निविदा भरणाऱ्या तिसऱ्याने इमारत उभारावी, आणि काम चालू असता निघालेली प्रत्येक अडचण ‘ज्यादा बाब’ म्हणून नोंदली जाऊन अखेर लवादापुढे जावी, ही जी रीत आपणांस सनातन वाटते, ती इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. तत्पूर्वी तेथील गवंडी, सुतार आणि लोहार आपापले काम स्वतंत्रपणे पत्करीत आणि ते पुरे झाल्यावर मोजून दाम घेत. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर तेथे ज्या असंख्य शाळा उठल्या, त्या या नव्या मक्त्याच्याच पद्धतीने.

नव्या जागेवर नवी इमारत बांधताना ही पद्धत कशीबशी निभते; चालत्या शाळेला खोल्या जोडताना मात्र तिचे सारे दोष उघडे पडतात. भिंतीच्या अलीकडे मुले पाढे म्हणत असतात आणि पलीकडे घण पडत असतो. जुना पाया किती खोल गेला आहे हे खणल्यावाचून कळत नाही. आवाजाची कामे सुट्टीतच उरकावी लागतात. अशा ठिकाणी, नकाशा पुरा होण्याच्या आधीच ज्याचा सल्ला घ्यायला हवा, तो बांधणारा मनुष्य निविदा उघडेपर्यंत कोण असेल हेच जर ठाऊक नसेल, तर त्याच्या अनुभवाचा उपयोग शाळेला होण्याऐवजी पुढे फिर्यादीच्या कागदांना होतो.

महायुद्ध संपत आले असता इंग्लंडपुढे हाच प्रश्न प्रचंड प्रमाणावर उभा राहिला. १९४४ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचे वय वाढवण्याची तरतूद केली, १ एप्रिल १९४७ पासून ते १५ वर्षे झाले, आणि एका अख्ख्या इयत्तेला बसायला जागा नव्हती. सरकारने जुन्या शाळांच्या आवारांत काँक्रीटच्या तयार भागांच्या, एका साच्याच्या बराकी उभारल्या. निकड भागली हे खरे; परंतु त्या खोल्यांत मुलांचा विचार पुरेसा झाला होता असे म्हणवत नाही.

तो विचार लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशर परगण्यात झाला. तेथील कौंटीचे स्थापत्यप्रमुख सी. एच. अॅस्लिन, त्यांचे दुय्यम स्टिराट जॉन्सन-मार्शल आणि शिक्षणाधिकारी जॉन न्यूसम यांच्यापुढे एकीकडे लंडनहून येऊन वसणाऱ्या कुटुंबांची मुले होती, आणि दुसरीकडे विटा, लाकूड व गवंडी या तिहींचा दुष्काळ. तेव्हा प्रत्येक शाळेचा मक्ता सुटा काढण्याऐवजी त्यांनी अनेक शाळांचा मिळून एकच कार्यक्रम मानला, वेस्ट ब्रॉमिचच्या हिल्स या कारखान्याशी एकत्र बसून हलक्या पोलादी सांगाड्याची रचना सिद्ध केली, आणि ८ फूट ३ इंचांचा चौरस हे तिचे माप ठरवले. हे माप मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण चौरसाला चौरस जोडत गेले की इमारत चारही दिशांना वाढू शकते, आणि जी शाळा जन्मतःच वाढण्यासाठी योजलेली आहे तिला पुढे खोल्या जोडताना अंग चिरून घ्यावे लागत नाही. मेरी क्राउली आणि डेव्हिड मेड हे त्या कचेरीतील तरुण स्थापत्यकार वर्गांत जाऊन बसत, शिक्षक शिकवतात कसे आणि मुले वावरतात कशी हे पाहत. मुलांच्या उंचीला साजेल असे हात धुण्याचे बेसिनसुद्धा कारखानदाराबरोबर नव्याने घडवले गेले. चेशंटच्या बर्ली शाळेपासून निघालेली ही परंपरा १९५० च्या दशकाच्या मध्यास शंभर शाळांपर्यंत पोचली. करारनाम्यात सहकार्याचे एकही नवे कलम लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी ते असे प्रत्यक्ष आचरले गेले होते.

१९५७ साली नॉटिंगहॅमशरच्या पुढाकाराने, कोळशाच्या खाणींमुळे खचणाऱ्या जमिनीवर टिकतील अशा शाळांसाठी, अनेक स्थानिक संस्थांचा ‘क्लास्प’ हा संघ निघाला आणि १९६० च्या मिलानमधील प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिकही मिळाले. त्या काळच्या इमारतींत अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले गेले, ही मोठी चूक होती. आज त्यांना हात लावणाऱ्याला ते आधी जपून काढावे लागते.

कागद मात्र मागे राहिला. सरसकट खुल्या निविदांपेक्षा पारखून निवडलेल्या मोजक्या ठेकेदारांकडूनच निविदा मागवाव्यात हे १९४४ च्या सायमन समितीने सांगितले, १९६४ च्या बॅनवेल समितीने ते पुन्हा बजावले, तरी दफ्तरांची सवय मोडली नाही. १९९४ मध्ये बांधकामाच्या करारांविषयी सर मायकेल लेथम यांचा अहवाल आला. १९९५ च्या ‘एनईसी’ या करारनाम्याच्या नमुन्यात परस्परविश्वासाने वागण्याचे बंधन पहिल्याच कलमात दाखल झाले. आणि २००० साली ‘पीपीसी २०००’ हा करारनामा प्रसिद्ध झाला, ज्यात मालक, स्थापत्यकार, सल्लागार, ठेकेदार आणि महत्त्वाचे विशेषज्ञ कारागीर एकाच दस्तऐवजावर सह्या करतात. ठेकेदार आरंभीच मसलतीत येतो, हिशेब सर्वांपुढे उघडा राहतो, अडचणीची खबर वेळीच देणे हे कर्तव्य ठरते, आणि तंटा लवादाकडे नेण्याआधी आपसांत सोडवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. जुना पाया अपेक्षेपेक्षा उथळ निघाला, तर त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा याची कैफियत लिहीत बसण्याऐवजी पुढे काय करायचे याची बैठक बसते.

या सह्यांच्या यादीत मुख्याध्यापकाची सही सहसा नसते, आणि ते मला उणे वाटते. सत्राच्या मध्यावर छत उघडावे की नाही, लहान्यांचे वर्ग कोणत्या बाजूला हलवावेत, परीक्षेच्या आठवड्यात घण थांबावा की नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? हर्टफर्डशरच्या त्या तरुण स्थापत्यकारांनी हे प्रश्न वर्गात बसून विचारले होते.