दुसऱ्यांदा पाहिलेले शाँबेरी

मराठी प्रवासवर्णन हे मुख्यतः पहिल्या दर्शनाचे साहित्य आहे. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे ‘अपूर्वाई’ हे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. जे पूर्वी पाहिले नाही ते पाहण्याचा आनंद हा या साहित्यप्रकाराचा स्थायीभाव ठरला. एकदा पाहिलेल्या परक्या शहरात पुन्हा जाणे आणि पुन्हा रमणे, या अनुभवाची आपल्या समीक्षेने स्वतंत्र दखल घेतल्याचे फारसे आढळत नाही. हे थोडे विचित्रच म्हणायला हवे. कारण पुन्हापुन्हा त्याच ठिकाणी जाण्याला ‘वारी’ असा नेमका शब्द ज्या भाषेने दिला, ती आपलीच भाषा. वारकरी पंढरपूर ‘पाहायला’ जात नाही. पाहून झालेले असते, म्हणूनच तो जातो.

या दुसऱ्या भेटीचा विचार आम्ही शाँबेरी या शहराच्या निमित्ताने करीत आहोत. फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेले हे साव्हॉय प्रांताचे जुने राजधानीचे गाव. आम्ही पहिल्यांदा तेथे गेलो ते साहित्याचे विद्यार्थी म्हणून. शहरालगतच्या टेकडीवर ‘ले शार्मेत’ हे घर आहे. तेथे तरुण रूसो मादाम द वारांस यांच्या आश्रयाने राहिला आणि आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात त्याने त्या दिवसांना सुखाचे दिवस म्हणून अजरामर केले. जवळच बुर्जे सरोवर आहे. १८१७ साली लामार्तीन त्याच्या काठी एकटाच परतला आणि आधीच्या वर्षीच्या सहवासाची आठवण त्याच्या सुप्रसिद्ध कवितेचा विषय झाली. म्हणजे या परिसराचे साहित्यच मुळी परतण्याचे साहित्य आहे. रूसोने तर मृत्यूच्या वर्षी, १७७८ मध्ये, आपल्या अखेरच्या अपुऱ्या निबंधात मनाने पुन्हा याच बाईंकडे धाव घेतली.

पहिल्या भेटीत आम्ही हे सारे पाहिले, आणि त्याबरोबर शहराच्या मधोमध उभे असलेले हत्तींचे कारंजेही पाहिले. सुमारे १७ मीटर उंचीचा स्तंभ, त्याच्या तळाशी चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती, आणि स्तंभाच्या माथ्यावर एका सेनापतीचा पुतळा. ग्रनोबलच्या सापे नावाच्या शिल्पकाराने १८३८ साली ते उभारले. हत्तींचा फक्त पुढचा भाग घडवलेला असल्यामुळे गावकरी थट्टेने त्यांना जे नाव देतात, त्याचे मराठी ‘बिनबुडाचे चौघे’ असे करता येईल. प्रवासी हसतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. आम्हीही तेच केले. दुसऱ्या भेटीत मात्र आमचे लक्ष हत्तींवरून वरच्या पुतळ्याकडे गेले, कारण दरम्यानच्या काळात आमच्याच जिल्ह्याचा इतिहास वाचताना त्या माणसाचे नाव आम्हाला वारंवार भेटले होते. मराठी इतिहासग्रंथांत ते ‘डिबॉयन’ असे येते.

बन्वा द ब्वान्य याचा जन्म १७५१ साली याच गावात, कातड्या-लोकरीचा व्यापार करणाऱ्या एका घरात झाला. मूळ आडनाव लबोर्न्य. फ्रेंचांची आयरिश पलटण, मग रशियनांच्या बाजूने तुर्कांशी लढाई आणि कैद, मग मद्रासेत इंग्रज कंपनीची नोकरी, असे फिरत तो १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या पदरी आला. प्रथम दोन पलटणी त्याने कवायतीत तयार केल्या. पुढे त्यांचे कंपू झाले. जून १७९० मध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता येथे राजपुतांच्या घोडदळाचा मोड झाला, आणि १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची कवायती फौजही याच कंपूंपुढे निकालात निघाली. कंपूचा पगार वेळेवर व्हावा म्हणून दोआबातला सुपीक मुलूख त्याला तोडून दिलेला होता. अलीगड ही त्या व्यवस्थेची गुरुकिल्ली. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला महादजी वारले, आणि दोनच वर्षांत प्रकृतीचे कारण देऊन डिबॉयनने हिंदुस्थान सोडले. बरोबर मोठी संपत्ती होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला या कथेचे दुसरे टोक आपल्या दारात सापडेल. पारनेर तालुक्यातील जामगावचा महादजींचा वाडा आणि श्रीगोंद्याचे शिंद्यांचे वाडे ही याच घराण्याची ठिकाणे. नगरचा किल्ला १७९७ मध्ये पेशव्यांनी दौलतराव शिंद्यांना दिला. सहा वर्षांनी, ८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने शहराच्या तटावर शिड्या लावल्या आणि १२ तारखेला किल्ला घेतला. पुढच्या महिन्यात अलीगड आणि असई, तर १ नोव्हेंबरला लासवाडी. डिबॉयनने उभी केलेली कवायती फौज अशा रीतीने त्याच्या माघारी काही महिन्यांत नाहीशी झाली. वर्षअखेरीस झालेल्या सुर्जी अंजनगावच्या तहात नगरचा किल्ला गेला. चांभारगोंदे म्हणजे आजचे श्रीगोंदे, आणि जामगाव ही वंशपरंपरेची गावे मात्र शिंद्यांकडे राहिली. तोवर त्या फौजेचा निर्माता युरोपात स्थिरावला होता.

परतलेल्या डिबॉयनने शाँबेरीला काय दिले, हे पाहायला संग्रहालयात जावे लागत नाही. राजवाड्यापासून निघणारा, दोन्ही बाजूंना कमानींची ओवरी असलेला रुंद रस्ता त्याच्याच देणगीतून जुनी दाट वस्ती फोडून काढलेला आहे आणि त्याचेच नाव धारण करतो. नाट्यगृह, रुग्णालयातील खाटा, वृद्धांसाठी आश्रयस्थान, भिकाऱ्यांसाठी निवारा अशी त्याच्या दानाची यादी लांब आहे. १८२४ चे ते नाट्यगृह १८६४ मध्ये आगीत सापडले. तरी ऑर्फियसच्या पाताळप्रवेशाचे चित्र असलेला मूळ पडदा वाचला आणि पुन्हा बांधलेल्या नाट्यगृहात आजही आहे. ब्युइसाँ-राँ या त्याच्या निवासाभोवती आता सार्वजनिक उद्यान आहे. त्यातील गुलाबांच्या ताटव्यांतून फिरताना कोणालाही प्रसन्न वाटेल. आम्हालाही वाटले.

आमचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. ज्या ओवरीखाली आपण सुखाने कॉफी पितो, तिच्या दगडांत दोआबातल्या रयतेचा सारा आहे, हे कळल्यावर त्या सुखाचे काय होते? त्यातच आणखी एक नाव आहे. डिबॉयनची हिंदुस्थानातील पत्नी नूर बेगम हिला आणि दोन मुलांना त्याने १७९७ मध्ये इंग्लंडला नेले. ती हेलेन बेनेट झाली. पुढच्याच वर्षी त्याने सतरा वर्षांच्या आदेल दॉस्मों हिच्याशी विवाह केला. आदेलने पुढे लिहिलेल्या आठवणी फ्रेंच साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहेत. नूर मात्र ससेक्स परगण्यात एकाकी आयुष्य काढून १८५३ मध्ये वारली. तिने काही लिहिल्याचे आपल्या हाती नाही. शाँबेरीच्या कारंज्यावर तिचा मागमूस नाही. पण ब्वान्य घराण्याची उमरावकी ज्याच्याकडे गेली आणि ज्याच्यापासून वंश चालला, तो शार्ल-अलेक्सांद्र हा नूरचाच मुलगा.

असे ज्ञान आनंदाचा घात करते, असे एक मत आहे. पहिल्या भेटीचे निर्मळ कुतूहल मग उरत नाही, हे खरे. तथापि निर्मळ म्हणजे अनेकदा केवळ अनभिज्ञ. याच्या उलट, सगळा वैभवशाली युरोप लुटीवरच उभा आहे असे ठरवून टाकणारी वृत्तीही तितकीच सोयीची आहे. तिला रस्ता पाहावा लागत नाही आणि पडदाही पाहावा लागत नाही. शिवाय दोआबातला तो पैसा महादजींच्याच व्यवस्थेने उभा राहिला होता. राजपुतान्यातील ज्या गावांवरून हे कंपू गेले, त्यांच्या दृष्टीने जामगाव आणि शाँबेरी यांत फार अंतर नसावे. नगरकर म्हणून आपण स्वतःला केवळ लुबाडलेल्यांच्या रांगेत उभे करू लागलो, तर तो इतिहास होणार नाही.

दुसरी भेट या दोन्ही सोयी काढून घेते. पहिल्या वेळी शहर समोर असते. दुसऱ्या वेळी आपले गावही मधे येऊन उभे राहते. साहित्यकृतीच्या पुनर्वाचनाचे तेच आहे. वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की कथानक माहीत झाल्यावर कादंबरी संपत नाही, तेव्हा ती वाचायला घेता येते. शहराच्या बाबतीतही हे मान्य करायला हरकत नसावी. शाँबेरीच्या सकाळचा उजेड, बाजारातले चीज, दूरच्या डोंगरावरचे बर्फ यांतले काहीही दुसऱ्या भेटीत उणे झाले नाही. त्यात नूरची अनुपस्थिती आणि लाखेरीचा धूर यांची भर पडली एवढेच.

डिबॉयनने आपल्या गावावर हिंदुस्थानची खूण ठेवली. ती हत्तींच्या रूपाने, अर्धीच. उरलेला भाग जामगाव आणि श्रीगोंद्याच्या वाड्यांत, अलीगडच्या किल्ल्यात आणि ससेक्समधल्या एका कबरीत विखुरलेला आहे. तो जोडून पाहण्याचे काम कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकावर सोपवता येणार नाही. ते परतून येणाऱ्या प्रवाशाचे काम आहे, आणि जामगाव-श्रीगोंद्याहून निघालेल्या प्रवाशावर त्याची जबाबदारी थोडी अधिकच येते.