यादीत राहून गेलेलं नाव

संस्थेचा वर्धापनदिन म्हटला की आपल्याकडे हारतुरे, शाल-श्रीफळ आणि लांबलेली भाषणं. आम्हा मास्तर मंडळींनी जन्मभर हेच पाहिलं. पण चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेने हा दिवस कसा साजरा करावा? मला वाटतं, आवारातल्या थिएटरात माजी विद्यार्थ्यांचे चित्रपट लावावेत. त्याहून वेगळं प्रगतिपुस्तक कशाला हवं?

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूटच बघा ना. 1929 साली कोल्हापुरात निघालेली प्रभात कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली. 'संत तुकाराम' (1936) इथलाच. पुढे कंपनी बंद पडली आणि 1960 मध्ये सरकारने त्याच जागेत ही संस्था सुरू केली. जिथून पडद्यावरचे तुकोबा वैकुंठाला गेले, तिथे मुलं कॅमेरा धरायला शिकू लागली!

साठच्या दशकात थोडा काळ ऋत्विक घटक तिथे शिकवायला होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. 'वळू' आणि 'देऊळ'वाले उमेश कुलकर्णी तिथलेच. 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवणारी पायल कपाडियाही तिथलीच. म्हणजे वर्धापनदिनाला काय लावावं, ही अडचण नाही. काय वगळावं, हीच आहे.

मला विचाराल तर पहिला मान 'सेल्युलॉइड मॅन'ला (2012). शिवेंद्रसिंग डुंगरपूर या माजी विद्यार्थ्याने केलेला हा माहितीपट पी. के. नायर यांच्यावर आहे. नायर काही दिग्दर्शन शिकवणारे प्राध्यापक नव्हते. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, ते त्यांनी उभं केलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग आणि 'कालिया मर्दन' आज आपल्याला पाहायला मिळतात, ते त्यांनी शोधून जपले म्हणून. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. देशोदेशीचे चित्रपट त्यांनी इन्स्टिट्यूटच्या मुलांपुढे आणले. स्वतः अंधारात बसून वहीत टिपणं काढत राहिले. 1991 मध्ये निवृत्त झाले, 2016 मध्ये पुण्यातच गेले. मुलांना शिकवलं दिग्दर्शकांनी, पण पाहायला लावलं या माणसाने. आणि त्यांच्या हयातीतच एका विद्यार्थ्याने ते ऋण पडद्यावर मांडलं.

हा माहितीपट पाहिला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्याचं कारण सांगतो.

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला सत्काराची यादी मी केली होती. मुख्याध्यापक, शिक्षक, देणगीदार, गुणवत्ता यादीतले विद्यार्थी, सगळे तिच्यात होते. ग्रंथालय सांभाळणारे आमचे गुरुजी तेवढे राहून गेले. सुट्टीतही कपाटं उघडून बसणारे, पुस्तक फाटलं तर मुलाला न रागावता खळ लावून चिकटवणारे. ते कार्यक्रमाला आले होते. मागच्या रांगेत बसले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "छान झाला हो कार्यक्रम."

त्यांच्या मनात काही नसेलही. पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

आता ते नाहीत. मला चित्रपट करता येत नाही, लिहिता येतं. म्हणून हे चार शब्द. आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती अशी यादी आलीच, तर ती छापायला देण्यापूर्वी मागच्या रांगेकडे एकदा बघून घ्या.