पुनीत राजकुमार यांचे निधन आणि चाहत्यांचे स्मरणकार्य

कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत राजकुमार (जन्म: 17 मार्च 1975, चेन्नई, मृत्यू: 29 ऑक्टोबर 2021, बंगळूर) यांच्या अकाली निधनानंतर कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक शोक व्यक्त झाला. वयाच्या 46व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे नेत्रदान करण्यात आले व त्यातून चार रुग्णांना दृष्टी मिळाली. ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर राज्यभरातील चाहत्यांनी नेत्रदानाचे संकल्प करण्यास सुरुवात केली. लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतरच्या शोकाला समाजोपयोगी वळण मिळाल्याचे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो. पुनीत यांचे वडील डॉ. राजकुमार यांच्या निधनानंतर 2006 साली बंगळूरमध्ये हिंसाचार उसळला होता. त्यामुळे 2021 सालच्या घटनांकडे त्या पार्श्वभूमीवरही पाहिले जाते.

पार्श्वभूमी

पुनीत हे कन्नड चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेते डॉ. राजकुमार व निर्मात्या पार्वतम्मा राजकुमार यांचे धाकटे पुत्र होत. शिवराजकुमार व राघवेंद्र राजकुमार हे त्यांचे थोरले बंधूही अभिनेते आहेत. पुनीत यांनी बालकलाकार म्हणून चित्रपटांत प्रवेश केला. ‘बेट्टद हूवु’ (1985) या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. नायक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट ‘अप्पू’ 2002 साली प्रदर्शित झाला. ‘अप्पू’ हे त्यांचे घरगुती नावही होते आणि चाहतेही त्यांना याच नावाने संबोधत. ‘कन्नडद कोट्याधिपती’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनामुळे ते चित्रपटगृहात न जाणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.

2006 सालची घटना

डॉ. राजकुमार यांचे 12 एप्रिल 2006 रोजी बंगळूर येथील राहत्या घरी निधन झाले. बातमी पसरताच घराच्या परिसरात प्रचंड गर्दी जमली. पार्थिव श्री कंठीरव स्टेडियममध्ये हलविण्यात आले, मात्र जमाव व बंदोबस्त यांचा मेळ बसला नाही. अनेकांना अंत्यदर्शन घेता आले नाही. शहरात दगडफेक व जाळपोळ झाली, वाहने पेटविण्यात आली आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्यांना कामकाज बंद ठेवावे लागले. पोलिसांनी गोळीबार केला. या हिंसाचारात आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये जमावाच्या मारहाणीत मरण पावलेल्या एका पोलीस कर्मचाऱ्याचाही समावेश होता.

निधन व अंत्यसंस्कार

29 ऑक्टोबर 2021 रोजी सकाळी व्यायामानंतर पुनीत यांना अस्वस्थ वाटू लागले. त्यांना प्रथम कुटुंबाच्या डॉक्टरांकडे व तेथून रुग्णालयात नेण्यात आले, परंतु उपचारांना यश आले नाही. त्याच दिवशी शिवराजकुमार यांचा ‘भजरंगी 2’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. पुनीत यांनी सकाळीच समाजमाध्यमावरून त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. निधनाचे वृत्त येताच चित्रपटाचे खेळ थांबविण्यात आले.

2006 सालचा अनुभव लक्षात घेऊन राज्य शासनाने या वेळी सुरुवातीपासून खबरदारी घेतली. बंगळूरमध्ये मद्यविक्रीवर 31 ऑक्टोबरपर्यंत बंदी घालण्यात आली व मोठा पोलीस बंदोबस्त ठेवण्यात आला. पार्थिव कंठीरव स्टेडियममध्येच ठेवण्यात आले. पुनीत यांची थोरली मुलगी परदेशातून येईपर्यंत अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलण्यात आले. त्यामुळे दर्शनासाठी अधिक अवधी मिळाला आणि राज्याच्या विविध भागांतून आलेल्या लाखो लोकांना रांगेने अंत्यदर्शन घेता आले. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई व कुटुंबीयांनी शांतता राखण्याचे आवाहन केले. 31 ऑक्टोबर रोजी पहाटेच, रस्त्यांवर गर्दी होण्यापूर्वी, पार्थिव कंठीरव स्टुडिओच्या आवारात नेण्यात आले. तेथे शासकीय इतमामात आई-वडिलांच्या समाधीजवळ दफनविधी झाला. पुनीत यांना दोन्ही मुलीच असल्याने पुतणे विनय राजकुमार यांनी धार्मिक विधी पार पाडले.

शोककाळात काही चाहत्यांचा मानसिक धक्क्याने वा आत्महत्येने मृत्यू झाल्याची वृत्ते आली. त्यावर राजकुमार कुटुंबीयांनी, कोणीही असे टोकाचे पाऊल उचलू नये व आपल्या घरच्यांचा विचार करावा, असे जाहीर आवाहन केले.

नेत्रदान

कुटुंबातील परंपरा

राजकुमार कुटुंबाचा नेत्रदानाशी संबंध जुना आहे. बंगळूरच्या नारायण नेत्रालय या संस्थेत 1994 साली डॉ. राजकुमार यांच्या नावाने नेत्रपेढी सुरू झाली. त्या वेळी त्यांनी आपल्या संपूर्ण कुटुंबाच्या नेत्रदानाचा संकल्प जाहीर केला. 2006 साली स्वतः डॉ. राजकुमार यांचे, तर 2017 साली पार्वतम्मा यांचे नेत्रदान करण्यात आले. पुनीत यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी त्याच नेत्रपेढीला कळविले.

शस्त्रक्रिया

नेत्रदानात संपूर्ण डोळ्याचे रोपण होत नाही. बुबुळापुढे असलेल्या कॉर्निया या काचेसारख्या पारदर्शक पटलाचे रोपण केले जाते. हे पटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. सामान्यतः एका दात्याचे दोन कॉर्निया दोन रुग्णांना बसविले जातात. पुनीत यांच्या बाबतीत नारायण नेत्रालयाच्या शल्यचिकित्सकांनी प्रत्येक कॉर्नियाचे पुढील व मागील असे दोन थर वेगळे केले. ज्यांच्या कॉर्नियाच्या वरच्या भागात दोष होता अशा दोन रुग्णांना पुढील थर, तर ज्यांचा आतील थर निकामी झाला होता अशा दोघांना मागील थर बसविण्यात आला. अशा प्रकारे तीन पुरुष व एक स्त्री अशा चार जणांना लाभ झाला. हे सर्व रुग्ण कर्नाटकातील होते. संस्थेचे संस्थापक डॉ. भुजंग शेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबरच्या आरंभी ही माहिती दिली. गोपनीयतेच्या नियमांनुसार रुग्णांची ओळख उघड करण्यात आली नाही.

चाहत्यांचा प्रतिसाद

चार जणांना दृष्टी मिळाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यानंतर कर्नाटकातील नेत्रपेढ्यांकडे संकल्पपत्र भरणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. चाहत्यांच्या संघटनांनी गावोगावी नोंदणी शिबिरे भरविली आणि काही ठिकाणी संपूर्ण कुटुंबांनी एकत्र संकल्प केले. प्रत्यक्ष नेत्रदानातही वाढ झाली. ही वाढ विशेष महत्त्वाची मानली जाते, कारण केवळ संकल्पपत्र भरल्याने नेत्रदान होत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात व त्यासाठी नातेवाइकांनी संमती देऊन नेत्रपेढीला वेळेवर कळविणे आवश्यक असते. दुःखाच्या प्रसंगी हा निर्णय घेणे कुटुंबाला जड जाते. विद्रूपतेची भीती, धार्मिक शंका व माहितीचा अभाव हीही कारणे असतात. परिचित व आदरणीय कुटुंबाने तोच निर्णय उघडपणे घेतल्याने अनेकांचा संकोच दूर झाला.

नेत्रदानासाठी रक्तगट जुळावा लागत नाही. चष्मा वापरणाऱ्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीचेही नेत्रदान सामान्यतः होऊ शकते. एचआयव्ही, कावीळ ब व क, रेबीज, रक्ताचा कर्करोग यांसारख्या आजारांत मात्र डोळे रोपणासाठी स्वीकारले जात नाहीत.

हृदयरोगाविषयी जागरूकता

नियमित व्यायाम करणाऱ्या, तंदुरुस्त दिसणाऱ्या अभिनेत्याचा असा मृत्यू झाल्याने हृदयाच्या आरोग्याविषयी चर्चा सुरू झाली. बंगळूर येथील जयदेव हृद्रोग संस्थेत तपासणीसाठी येणाऱ्यांची, विशेषतः तरुणांची, गर्दी वाढली. घाबरून सरसकट तपासण्या करून घेऊ नयेत, मात्र छातीतील वेदनेकडे दुर्लक्षही करू नये, असे डॉक्टरांनी सांगितले.

कर्नाटक शासनाने 2023 साली ‘डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती’ योजना जाहीर केली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तवाहिनीतील गुठळी जितक्या लवकर विरघळेल तितके हृदयाच्या स्नायूचे नुकसान कमी होते. मोठी रुग्णालये शहरांत असल्याने ग्रामीण रुग्णांचा हाच मोलाचा वेळ प्रवासात जातो. म्हणून तालुका रुग्णालयात ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना दाखविणे, आवश्यकता असल्यास गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेझ हे इंजेक्शन विनामूल्य देणे व नंतर रुग्णाला पुढील उपचारांसाठी पाठविणे, असे या योजनेचे स्वरूप आहे.

स्मरणाचे अन्य प्रकार

निधनानंतर पाचव्या दिवशी कुटुंबाने समाधीवर दूध-तूप अर्पण करण्याचा विधी केला. त्यानंतर समाधिस्थळ सर्वांसाठी खुले करण्यात आले. 9 नोव्हेंबर 2021 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर कुटुंबातर्फे चाहत्यांसाठी अन्नसंतर्पण झाले आणि हजारो लोक जेवले. 16 नोव्हेंबरला चित्रपटसृष्टीने ‘पुनीत नमन’ हा श्रद्धांजली कार्यक्रम आयोजित केला. याच कार्यक्रमात मुख्यमंत्री बोम्मई यांनी पुनीत यांना मरणोत्तर ‘कर्नाटक रत्न’ हा राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्याची घोषणा केली. 1 नोव्हेंबर 2022 रोजी विधान सौधासमोर पत्नी अश्विनी यांनी तो स्वीकारला. या समारंभाला रजनीकांत व ज्युनिअर एन. टी. आर. उपस्थित होते. याच सन्मानाचे पहिले मानकरी 1992 साली कवी कुवेंपु व डॉ. राजकुमार हे होते.

पुनीत यांची प्रमुख भूमिका असलेला ‘जेम्स’ हा चित्रपट त्यांच्या जन्मदिनी, 17 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. त्यांच्या संवादांचे ध्वनिमुद्रण राहिले असल्याने शिवराजकुमार यांनी त्यांना आवाज दिला. कर्नाटकातील वने व वन्यजीवनावरील ‘गंधद गुडी’ हा माहितीपट प्रथम स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, 28 ऑक्टोबर 2022 रोजी प्रदर्शित झाला. यात पुनीत कोणतीही भूमिका न करता स्वतःच्याच रूपात दिसतात. 2022 साली होसपेट येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. बंगळूरच्या बाह्यवळण रस्त्याच्या एका भागाला 2023 साली त्यांचे नाव देण्यात आले.

दरवर्षी 17 मार्च व 29 ऑक्टोबर या दिवशी चाहते कंठीरव स्टुडिओतील समाधीवर एकत्र येतात. या निमित्ताने रक्तदान, अन्नदान व नेत्रदान संकल्पाचे उपक्रम राबविले जातात.