पाते आणि ओवी

फूड प्रोसेसर मूळचा उपाहारगृहांचा. फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दाँ यांनी घडवलेले हे यंत्र कार्ल सॉन्टहायमर यांनी १९७३ साली अमेरिकेत 'क्विझिनार्ट' या नावाने घरोघरच्या ओट्यासाठी आणले. त्याचे पाते थंड लोणी मैद्यात काही क्षणांत कापते. हाताची ऊब लागत नाही, म्हणून पेस्ट्री खुसखुशीत होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कसब असे बटणाच्या स्वाधीन झाले.

यंत्र येते तेव्हा कसबाबरोबर आणखीही काही हरवते. आपल्याकडे पिठाची गिरणी आली आणि जात्याबरोबर ओवीही मागे पडली. आपण साहित्याचे अभ्यासक तिच्यासाठी हळहळतो. पहाटे दळणाऱ्या बाईचे भरून आलेले खांदे मात्र विसरतो. ओवी अवश्य जपावी. तिच्यासाठी ते कष्ट परत मागू नयेत.