आपल्या अंगणातला ‘हमिंगबर्ड’

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात भोरला शिक्षकांसमोर पक्ष्यांविषयी बोलण्याचा योग आला होता. जेवणाच्या सुट्टीत वेल्हे भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या बाई भेटायला आल्या. “सर, आमच्या शाळेच्या कुंपणापाशी रोज हमिंगबर्ड येतो. मुलांनी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलाय. त्याच्यासाठी साखरेच्या पाण्याची लाल बाटली टांगावी म्हणतोय. पाण्यात साखर किती घालायची?” एवढे विचारून झाल्यावर त्यांना आणखी एक आठवले. “कुंपणाला लागून शेजाऱ्यांचा आंबा आहे. त्यावर बांडगुळं फार झालीत. उन्हाळ्यात ती काढून टाकायचं ठरलंय. त्या तोडातोडीनं पक्षी निघून जाणार नाही ना?”

त्या वेळी आम्ही घाईघाईत काहीतरी उत्तर दिले. परतताना मात्र लक्षात आले, की हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, आणि त्याचे उत्तर मिळायला पक्षिशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली आहेत. तो इतिहास या लेखात पाहू.

पाहुणा कोण?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भोर, वेल्हे, पुणे, इतकेच काय, संपूर्ण आशिया खंडात हमिंगबर्ड नाही. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व तिथल्या बेटांवर राहतात. बाईंच्या मुलांनी पाहिला तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. (फुलासमोर भिरभिरणाऱ्या ‘पक्ष्या’च्या डोक्यावर दोन मिशा दिसल्या, तर तो पक्षीही नव्हे, पतंग समजावा.)

दोघांचे दिसणे सारखे असले तरी नाते अगदी दूरचे आहे. हमिंगबर्डचा जवळचा नातलग पाकोळी. शिंजीर मात्र चिमणी-मुनियांच्या गोतावळ्यातला. फुलातला मध पिण्याचा धंदा दोघांनी जगाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे पत्करला. त्या धंद्याला लागणारी हत्यारेही सारखीच तयार झाली : लांब, बारीक चोच, नळीसारखी जीभ आणि इवलेसे अंग. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. दोघांत एक मोठा फरक मात्र राहिला. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो, तर शिंजीर शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसून पितो. क्वचित क्षणभर तो हवेत फडफडतो, आणि नेमका तोच क्षण आपल्या डोळ्यांत भरतो.

या गोष्टीला एक गमतीदार जोड २००४ साली मिळाली. जर्मनीत सापडलेला सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा एक जीवाश्म हमिंगबर्डचा असल्याचे गेराल्ड मायर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. म्हणजे ही मंडळी एके काळी अमेरिकेबाहेरही होती. आज मात्र जुन्या जगातली त्यांची जागा शिंजीर आणि इतर मधुभक्षी पक्ष्यांनी सांभाळली आहे.

एकाची कीर्ती, दुसऱ्याचे नाव

मग वेल्ह्याच्या मुलांना शिंजिराऐवजी हमिंगबर्ड का आठवला? कारण पुस्तकांतून त्याची कीर्ती आधी पोहोचली. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच सुमारास जॉन गूल्ड याने तिथल्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचे प्रदर्शन मांडले. ते पाहायला पाऊण लाखाच्या आसपास लोक आले. हमिंगबर्डांवर अनेक खंडांचा भव्य सचित्र ग्रंथ काढणाऱ्या या गूल्डने त्या वेळी जिवंत हमिंगबर्ड एकदाही पाहिलेला नव्हता! तो योग त्याला १८५७ साली अमेरिकेला गेल्यावर आला.

त्या काळच्या पक्षिशास्त्राची रीतच अशी होती. कातडे हाती आले की वर्णन करायचे, नाव द्यायचे आणि कपाटात ठेवायचे. आपल्या शिंजिरांचेही तसेच झाले. पंचरंगी शिंजिराला १७६६ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिले. पण त्याला बसवले ते खोडावर चढणाऱ्या, अगदी वेगळ्या पक्ष्यांच्या प्रजातीत, कारण चोच तशीच बारीक आणि वाकडी. जांभळ्या शिंजिराला १७९० साली लॅदमने नाव दिले तेही त्याच प्रजातीखाली. चोच पाहिली होती, पण चोच कशात बुडते ते पाहिले नव्हते.

पुण्याच्या परिसराशी थेट संबंध आला तो विल्यम हेन्री साइक्स याच्यामुळे. खडकीच्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने लढलेला हा लष्करी अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. लोकसंख्या, पिके, जमीन, हवामान यांच्या नोंदी घेत तो तंबू टाकत फिरला आणि त्याच फिरतीत पक्षी जमवत गेला. मायदेशी परतल्यावर १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. तीत सव्वादोनशेहून अधिक पक्षी होते.

या यादीत दोन शिंजीर शास्त्राला नवे होते. एक चिमुकला, लाल पाठीचा. दुसरा गळा-छाती लालभडक असलेला. दोघेही पश्चिम घाटाचे रहिवासी आणि जगात इतरत्र न आढळणारे. दुसऱ्याला साइक्सने त्या संस्थेचे पहिले सचिव, आयर्लंडचे निकोलस विगर्स यांचे नाव दिले. सह्याद्रीच्या पक्ष्याला असे आयरिश नाव मिळाले. पुढे बराच काळ या विगर्सच्या शिंजिराला पूर्वेकडच्या दुसऱ्या एका जातीची पोटजात मानले गेले. आता तो पुन्हा स्वतंत्र जात म्हणून ओळखला जातो. १८३२ चे साइक्सचे निरीक्षण इतक्या वर्षांनी खरे ठरले.

पण साइक्सची यादीही ‘कोण’ आणि ‘कुठे’ या प्रश्नांपाशी थांबली. हा पक्षी फुलावर जाऊन नेमके करतो काय, आणि फुलाचे त्यात काय, हा प्रश्न आणखी शंभर वर्षे वाट पाहत राहिला.

बांडगुळापाशी थांबलेला माणूस

१९३० च्या सुमारास सालिम अली यांच्या हाताला नोकरी नव्हती. मुक्काम कोकणात किहीमला होता. सुगरणीच्या घरट्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध काम याच दिवसांतले. ते आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. त्याच सुमारास त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले, ती मात्र फारशी सांगितली जात नाही. ती गोष्ट म्हणजे आंब्यावरचे बांडगूळ.

मराठीत बांडगूळ ही शिवीच आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ. शास्त्रीयदृष्ट्या ही शिवी अर्धीच खरी आहे. बांडगुळाला हिरवी पाने असतात, स्वतःचे अन्न ते स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाकडून घेते. ते फार वाढले तर फांदी खंगते, फळ कमी धरते. शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही.

पण हे झाड जमिनीवर रुजत नाही, मग एका फांदीवरून दुसरीवर जाते कसे? १९३१ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात सालिम अलींनी कोकणातल्या बांडगुळाविषयी लेख लिहिला. त्यात या कोड्याचे दोन भाग दिसतात. पहिला भाग शिंजिराचा. बांडगुळाची लांबट, नारिंगी-लाल कळी पिकली तरी सहसा आपली आपण पुरती उघडत नाही. शिंजिराने चोचीने टोकाशी दाबले की ती फटकन उघडते, परागकण त्याच्या कपाळावर उडतात आणि पुढच्या फुलावर पोहोचतात. दुसरा भाग फुलटोच्याचा. हा आणखी इवला पक्षी बांडगुळाची फळे खातो. बी चिकट असते, ते सहजी सुटत नाही. मग तो बूड फांदीवर घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजते. एक पक्षी लग्न लावणारा, दुसरा बिऱ्हाड थाटून देणारा!

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी भारतातल्या फुलपाखी पक्ष्यांचा आणि पक्षिफुलांचा विस्तृत आढावा त्याच नियतकालिकात घेतला. पळस, पांगारा, सावर यांच्यासारखी झाडे आणि त्यांच्यावर येणारे पक्षी यांचा हिशेब प्रथमच एकत्र मांडला गेला. प्रश्न बदलला होता. आता पक्ष्याबरोबर फूलही नोंदवहीत आले होते.

हा धागा १९८० च्या दशकात प्रिया दविदार यांनी निलगिरीत पुढे नेला. काही बांडगुळांचे परागीकरणही फुलटोच्याच करतो आणि अशा जातींची फुले त्यांच्याच फळांसारखी दिसतात, हे त्यांनी दाखवले. फळ खायला आलेला पक्षी फुलालाही भेट देऊन जातो. ज्याला आपण ऐतखाऊ म्हणतो, त्याचा व्यवहार किती काटेकोर असतो पाहा.

बाटली की झाड?

आता बाईंच्या बाटलीकडे वळू. अमेरिकेत हमिंगबर्डांसाठी साखरपाण्याच्या बाटल्या १९५० च्या सुमारास बाजारात आल्या. तिथे रूढ असलेले प्रमाण एक भाग साखर, चार भाग पाणी. रंग घालायचा नाही, मध किंवा गूळ वापरायचा नाही. आपल्याकडे अशी बाटली टांगली तर शिंजीर येतो हे खरे. पण मार्चच्या उन्हात साखरेचे पाणी लवकर आंबते, त्यावर बुरशी धरते, मुंग्या लागतात. बाटली रोज धुवायची तयारी नसेल तर टांगू नये हेच बरे. मे महिन्यात शाळा बंद झाल्यावर ती कोण धुणार?

आणखी एक गोष्ट. साखरेत प्रथिने नाहीत. शिंजिराची पिल्ले कीटक आणि कोळी यांवर वाढतात. घरटे बांधायला मादीला कोळ्याचे जाळे लागते. कोळिष्टके, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा यांचा फांदीला लोंबणारा कचऱ्याचा पुंजका दिसला, तर झाडूने काढण्याआधी त्याला बाजूने दार आणि दारावर छोटीशी पडवी आहे का ते पाहावे. बाटली मध देईल, घर देणार नाही. आणि बाटलीवर चोच बुडवून गेलेला पक्षी कोणत्याही फुलाचे काम करून गेलेला नसतो.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांनी ही खानावळ पूर्वीच चालू ठेवली आहे. (२०२४ साली शासनाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला.) हिवाळा सरता सरता सावर फुलते, मागोमाग पळस आणि पांगारा. राजगड-तोरण्याच्या उतारांवर धायटीच्या लाल नळ्या लागतात. वैद्य आसवे-अरिष्टे आंबवायला वापरतात तीच ही धायटी. पावसाळ्यात मुरुडशेंग फुलते. शाळेच्या कुंपणाला यांतले एखादे झुडूप लावता आले, तर बाटलीची गरज उरत नाही.

बागेतली हमेलिया आणि मिरची जास्वंद याही चालतात, आणि इथे इतिहासाची एक गंमत आहे. या दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या, म्हणजे हमिंगबर्डची फुले! फुले समुद्र ओलांडून आली, पक्षी आला नाही आणि त्याचे ताट शिंजिराने पुढे ओढले. मुलांची चूक म्हणून अगदीच बिनबुडाची नव्हती. फूल हमिंगबर्डचे होते, पाहुणा मात्र आपला होता. साध्या जास्वंदीवर तर तो सरळ चोरी करतो. फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो, परागांना शिवतही नाही. बांडगुळाशी त्याचा जसा करार आहे, तसा सगळ्यांशी नाही.

हे सारे आम्ही बाईंना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले ते प्रामाणिक होते. आंब्यावरची बांडगुळे शेजाऱ्यांनी काढली. फळाचे झाड, त्यांचे पोट त्यावर. पण बांधावरच्या रानझाडावरचे एक बांडगूळ मुलांच्या सांगण्यावरून त्यांनी ठेवले. बाटली टांगली गेली नाही. शिंजीर येतो, पण पूर्वीपेक्षा कमी, असे मुलांनी मोजून लिहिले होते. आम्हाला त्या पत्रातले ‘मोजून’ हे सर्वांत मोलाचे वाटले.

वर्गासाठी

फुललेले एक झाड किंवा बांडगूळ निवडा. सकाळी आठ ते साडेआठ मुलांनी जोडीने बसावे. प्रत्येक भेटीची नोंद करावी : पक्षी कोणता, बसून प्यायला की फडफडत, चोच फुलाच्या तोंडातून घातली की बुडातून. नर-मादीही लिहावे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर मादीसारखा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. हातात येईल अशा उंचीवर बांडगूळ असेल तर पिकलेली कळी बोटांनी हलकेच दाबून पाहावी. बुडाशी भोक पडलेली फुले किती आणि अखंड किती, हेही मोजावे.

दर आठवड्याला एकदा, वर्षभर हे केले, तर कोणते झाड कोणत्या महिन्यात पक्ष्याला पोसते याचे शाळेचे स्वतःचे पंचांग तयार होईल. बांडगूळ काढायचे की ठेवायचे, कुंपणाला तार लावायची की झुडूप, हे ठरवताना ते पंचांग पुढ्यात असावे.