विजासनचे लेणे

चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात, जेथे दगडी कोळशासाठी भूगर्भ पोखरण्याचा सिलसिला अद्याप चालू आहे, तेथेच भांदक, म्हणजे आजची भद्रावती, या कसब्यानजीकच्या विजासन टेकडीत बौद्ध भिक्षूंनी निराळ्याच हेतूने पाषाण कोरला: सुमारे ७१ फूट सरळ आत गेलेला बोळ, त्याच्या अंती आसनस्थ भव्य बुद्धमूर्ती, आणि काटकोनात फुटलेल्या दोन दालनांतही एकेक गर्भगृह. सातव्या शतकातील प्रवासी ह्यूएनत्संगाने वर्णिलेल्या कोसलाची राजधानी हीच, असे काही विद्वानांचे अनुमान. मला ते फारसे पटत नाही. भिक्षुसंघ लोपला, तरी केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनार्थ जैन यात्रेकरूंची वर्दळ गावात असते. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चांद्यास धम्मदीक्षा दिल्यानंतर या लेण्याला पुन्हा आपले उपासक लाभले.